मी हसून बरा झालेलो नाही

ऑपरेशनला दोन वर्षं झाली तेव्हा एका ओळखीच्या माणसाने माझ्यावर लेख लिहिला. मथळा होता, ‘हास्याने हरवला कॅन्सर’. फोटोत मी माइक धरून हसतोय. लेख नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि मी फोन सोफ्यावर आपटला.

कॅन्सर मी हास्याने हरवलेला नाही. रेडिएशनच्या अठ्ठावीस फेऱ्या, गोळ्या, पाच तासांचं ऑपरेशन, त्यानंतरची सलाइनमधली केमो, एक तुसडा पण हाताचा पक्का सर्जन आणि माझी बायको, यांनी मला इथवर आणलं. त्या दिवसांत मी हसल्याचं मला फारसं आठवत नाही. मी चिडलेला होतो. अजून आहे. ज्याच्या हातात आज रिपोर्ट पडलाय आणि ज्याला चारी बाजूंनी ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकवलं जातंय, त्याला कुणीतरी सांगायला हवं की चिडलास तरी औषध तेवढंच लागू पडतं. म्हणून हे लिहितोय.

पाच मिनिटं

मी नाशिकचा. मखमलाबादला आमची थोडी शेती आहे, तिच्यात फुलं करतात. झेंडू, शेवंती, निशिगंध. ती आई आणि माझा मोठा भाऊ बघतात. भावाला मी दादा म्हणतो. मी शिकून शहरात आलो, काही वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली आणि मग मराठीत स्टँडअप करायला लागलो. गंगापूर रोडचे कॅफे, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, सोसायट्यांचे गणपती. बायको वैशाली शाळेत गणित शिकवते. मूल नाही. दोघांचं बरं चाललं होतं.

छत्तिसाव्या वर्षी मला संडासवाटे रक्त जायला लागलं. आपल्याकडे रक्त गेलं की मूळव्याध, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशी पाटी बघून एका दवाखान्यात गेलो. तिथल्या गृहस्थाने खुर्चीतून न उठता चार प्रश्न विचारले, एक चूर्ण आणि एक मलम दिलं, मिरची बंद करायला सांगितली. मला तपासलं नाही. मलाही बरंच वाटलं. कपडे काढायला लागले नाहीत.

मग मी त्यावर विनोद केला. पाच मिनिटांचा. संडासात बसून मी कुलदैवतापासून गल्लीतल्या नगरसेवकापर्यंत सगळ्यांना नवस बोलतो, आणि बाहेर सासरेबुवा पेपर हातात घेऊन नंबर लावून उभे आहेत, असा तो प्रसंग होता. लोक पोट धरून हसायचे. तेव्हाची माझी सगळ्यात चांगली पाच मिनिटं तीच होती. विनोद रंगला की घरी जाऊन मी पुन्हा लाल पाणी बघायचो आणि त्यातून पुढच्या प्रयोगाला एखादं नवीन वाक्य मिळतं का, याचा विचार करायचो.

एका प्रयोगानंतर पन्नाशीच्या एक बाई पार्किंगमध्ये माझ्यासाठी थांबल्या होत्या. दवाखान्यात सिस्टर आहे म्हणाल्या. त्यांनी विचारलं की ते रक्ताचं खरं आहे की बनवलेलं, आणि खरं असेल तर किती महिने झाले. मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, “एकदा सर्जनकडून बोटाने तपासून घ्या. लाजू नका.”

मी हसलो. आणि पुढच्या प्रयोगात त्या बाईंना विनोदात घातलं. एक बाई मला भर पार्किंगमध्ये बोट घालून घे म्हणाली, असं. तीन महिने मी त्यांच्यावर हशा मिळवला. त्या पाटीवाल्या गृहस्थावर मी चिडतो तेव्हा मला हेही आठवावं लागतं. त्याने मला फसवलं असेल, पण मला खरं सांगणारं माणूस भेटलं होतं आणि मी त्याची टिंगल केली.

दहा सेकंद

माझं वजन नऊ किलो उतरलं तेव्हा वैशालीने मला न विचारता सर्जनची वेळ घेतली. त्यांनी कुशीवर वळायला सांगितलं, गुडघे पोटाशी. तपासणीला दहा सेकंद लागले असतील. हातमोजा काढून ते बराच वेळ हात धूत राहिले. मग विचारलं, आधी कुणी असं तपासलं होतं का. नाही म्हटलं. किती महिने अंगावर काढलं, तर आठ. त्यांनी काही ऐकवलं नाही. चिठ्ठीवर इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आणायला दादा गेला. मला त्याने सांगितलं, साधी गाठ आहे, अजून एक स्कॅन करू म्हणतायत. चार दिवस मी त्या साध्या गाठीवर झोपलो.

पाचव्या दिवशी वैशाली आणि मी स्कॅनच्या काउंटरवर उभे होतो. पलीकडच्या मुलीने माझा फॉर्म घेतला, वरून खाली वाचला आणि मान वर न करता विचारलं, “गुदाशयाचा कॅन्सर ना? उपाशी आहात का?”

मागे दहाबारा माणसांची रांग होती. वैशालीने काउंटरची कड धरली. मी म्हटलं, हो, उपाशी आहे.

दादा बाहेर बाकावर बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरने त्यालाच आत घेऊन सांगितलं होतं, पेशंटला एवढ्यात कळू देऊ नका. दादाने आईला सांगितलं. आईने मामाला. मामाने मामीला. मखमलाबादला आमच्या गल्लीत माझा कॅन्सर माझ्याआधी पोचला होता. आणि वैशालीला का नाही सांगितलं विचारलं, तर दादा म्हणाला, बायामाणसं घाबरून जातात.

“तुला धक्का बसला असता,” तो मला म्हणाला.

“मग आता काय बसलं?” मी म्हटलं.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. गाडी त्याची होती, सोडायला-आणायला तोच येत होता, तरी बोललो नाही. माझ्या भावाचं माझ्यावर प्रेम आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याच शरीराची बातमी मला शेवटी मिळाली, याचा राग प्रेमाने जात नाही. ज्यांच्या घरात आज असा रिपोर्ट आलाय त्यांना हात जोडून सांगतो, आजारी माणसाला सांगा. तो मरणार असेल तर ते मरणही त्याचंच आहे.

बाकावरचे बाबा

रेडिएशन तळघरात होतं. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी. आधी लघवी धरून ठेवायची, मूत्राशय भरलेलं लागतं. मग बाकावर नंबराची वाट बघायची. मशीन बंद पडलं की भरलेल्या मूत्राशयानिशी दहा माणसं एकमेकांकडे बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी मला ओळखलं. मोबाइलवर माझा व्हिडिओ लावला. तोच, मूळव्याधीचा. तळघरात माझाच आवाज घुमला, लोकांचं हसणं घुमलं. मग मशीनवरचा मुलगासुद्धा म्हणाला, सर, होऊन जाऊ द्या एखादा, पेशंटना तेवढाच विरंगुळा. बाकावरच्या बायका माझ्याकडे आशेने बघायला लागल्या. मी तोंड उघडलंही होतं. सवयच तशी.

शेजारी गांगुर्डे बाबा बसायचे. लासलगावचे, कांद्याच्या मार्केटात जन्मभर हमाली केलेले. त्यांचा आजार घशाचा होता, आवाज फाटलेला, म्हणून ते फार बोलत नसत. त्या दिवशी बोलले. “राहू द्या त्याला. मी हमाल हाय. मला इथं कुनी पोतं उचल म्हनतं का?”

मोबाइल बंद झाला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आजार कळल्यापासूनचं ते पहिलं रडणं.

त्यानंतर रोज आम्ही शेजारी बसायचो. ते माझी जागा धरायचे. बोलणं असं नव्हतंच. एकदा मी त्यांना माझी चीड सांगितली, त्या दवाखान्याची, दादाची, माझ्या स्वतःची. त्यांनी ऐकून घेतलं आणि नळाकडे बोट दाखवलं, पाणी पिऊन ये, नंबर जवळ आलाय. मला दिलासा देणारी पुष्कळ माणसं भेटली. दिलासा न देणारा हा एकच, आणि त्याच्याजवळ मला बरं वाटायचं. त्यांच्या फेऱ्या माझ्याआधी संपल्या. मी त्यांचा नंबर घेतला नाही. ते कसे आहेत, मला माहीत नाही.

पिशवी

गाठ अगदी खाली होती, त्यामुळे खालची वाट कायमची बंद करावी लागली. आता माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं आहे आणि त्यावर पिशवी लावलेली असते. लोक याबद्दल कुजबुजतात, म्हणून मी सरळ लिहितोय. शी तिथून होते. ती केव्हा होईल हे माझ्या हातात नाही. वायू सुटला की आवाज येतो आणि तो दाबताही येत नाही. या पिशवीवर माणूस कामाला जातो, जेवतो, प्रवास करतो, आंघोळ करतो. हे आता सहज लिहितो. घरी आल्यानंतरचे पहिले दोन महिने सहज नव्हते.

मला बसता येत नव्हतं. मागची जखम भरायला फार दिवस लागले. उभं राहायचं नाहीतर कुशीवर पडायचं. आणि जे उरलंच नव्हतं तिथून संडासला लागल्याची भावना व्हायची. उठून संडासापर्यंत जायचो आणि दारात आठवायचं. सर्जन म्हणाले, होतं असं, मेंदूला वेळ लागतो.

या काळात दादाने त्र्यंबकला तीन दिवसांचा पितरांचा विधी ठरवला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मागचं काहीतरी राहिलंय. मी विचारलं, विधीला काय करावं लागतं. तो म्हणाला, फार काही नाही, पाटावर बसायचं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तोही थोड्या वेळाने उठून अंगणात गेला. वैशाली पुढे झाली आणि तिने विधीचा विषय त्या दिवशी संपवला. शाळेतल्या आवाजात संपवला.

आई रोज मळ्यातून यायची. येताना निशिगंधाची जुडी आणायची आणि माझ्या उशाशी तांब्यात ठेवायची. मला वाटायचं, मायेने ठेवते. आठवड्याने लक्षात आलं की खोलीला वास येतो. पिशवीचा, जखमेचा, माझा. मी ती जुडी तांब्यासकट दारात फेकली. पाणी तिच्या पायांवर गेलं. ती खाली बसून एकेक काडी गोळा करायला लागली आणि म्हणाली, “बरं, नाय आननार. तुला वास नाय आवडत का फुलांचा?” मला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं आणि तिला कळलंय ते मलाही. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. मी अजून तिची माफी मागितलेली नाही.

नवीन प्रयोग

केमो संपून चारपाच महिने झाले आणि मी लिहायला बसलो. फोमच्या गोल गादीवर, पण बसलो. दीड तासाचा प्रयोग, सगळा आजारावर. राग भरपूर होता आणि रागातून विनोद बरा निघतो. पाटीवाला दवाखाना होता, काउंटरवरची मुलगी होती, पाटावर बसायचा विधी होता. देवळ्याला वैशालीच्या मावसबहिणीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत पिशवी सुटली तो प्रसंग होता. मी उठू शकत नाही, समोर वाढपी जिलबी घेऊन उभा, आणि वैशाली पदराने झाकत मला मांडवाबाहेर काढतेय, तिचा चेहरा कसा झाला ते मी करून दाखवायचो. तो माझा हुकमी भाग होता.

एका रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत मी पूर्ण तालीम केली. वैशाली स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. दीड तास ती एकदाही हसली नाही. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं.

ती म्हणाली, लग्नातला भाग काढ. मी म्हटलं, तोच सगळ्यात चांगला आहे. ती म्हणाली, असेल. तिथे ती माझी बहीण होती, ती माझी माणसं होती, आणि तो चेहरा माझा आहे. आजार तुझा, पण माझा चेहरा तू मला न विचारता घेतलास.

मी वाद घातला. कलावंत वगैरे शब्द वापरले, ते आठवले की आजही लाज वाटते. म्हटलं, माझ्या रागातून मी काहीतरी उभं करतोय. तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“तू रागावलास, ते सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी रागवायची कधी? आणि एवढं सगळं खरं सांगतोयस, तर मार्चमधली ती सकाळ कुठेय यात?”

वर मी घरचे दिवस लिहिले, त्यात हे लिहिलेलं नाही. तालमीतही नव्हतं. इथे लिहितो.

ऑपरेशननंतरच्या सहाव्या आठवड्यात एका सकाळी पिशवी भरून गळायला लागली होती. वैशाली शाळेला निघालेली, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. ती पर्स ठेवून आत आली, नवीन पिशवी काढली आणि म्हणाली, थांब, आधी पुसून घेऊ. तिच्या आवाजात वैताग नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी भरलेली पिशवी ओढून काढली आणि तिच्या अंगावर फेकली. चुकून नाही. नेम धरून.

मी कॅन्सरवर चिडलो होतो, त्या दवाखान्यावर चिडलो होतो, हे खरं. पण फेकली ती समोरच्या बाईवर, कारण ती जाणार नाही याची मला खात्री होती. दीड तासाच्या प्रयोगात सगळ्यांची चामडी लोळवून मी हेच एक गाळलं होतं. प्रयोगात मी सोसणारा होतो, बाकी सगळे मूर्ख.

त्या तालमीनंतर वैशाली चार दिवस तिच्या आईकडे जाऊन राहिली. भांडून नाही, डबा वगैरे करून ठेवून गेली. मी पिशवी स्वतः बदलायला लागलो होतो, त्यामुळे अडलं काही नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या माहेरी गेलो आणि तिला सांगितलं की लग्नाचा भाग काढलाय आणि ती सकाळ घातली आहे. तिची हरकत असेल तर तीही काढतो. मग प्रयोग एक तास वीस मिनिटांचा होईल.

ती म्हणाली, सांग. पण तिथे हशा घेऊ नकोस.

पहिला प्रयोग कॉलेज रोडजवळच्या एका छोट्या सभागृहात केला. लोक हसले, चांगले हसले. मग मार्चमधली सकाळ आली आणि सभागृह गार पडलं. दोन मिनिटं कुणी हललं नाही. त्या शांततेत माझ्या पोटातून आवाज निघाला आणि माइकने तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला, तरीही कुणी हसलं नाही. संयोजक नंतर म्हणाले, तेवढं काढा हो, लय जड होतं, लोक विसरायला येतात. मी काढलं नाही. दुसऱ्या प्रयोगाला काही जण उठून गेले. तरी काढलं नाही.

तिसऱ्या प्रयोगाला वैशाली आली. मला न सांगता मागच्या रांगेत बसली. मी त्या सकाळीपाशी आलो, फेकलेलं सांगितलं, नेम धरून हेही सांगितलं. मग म्हणालो की ती बाथरूममध्ये जाऊन रडत राहिली आणि मी पलंगावरून ऐकत राहिलो.

घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “मी रडले नव्हते.”

मी म्हटलं, मी ऐकलं होतं.

“नळ सोडला होता. साडी भिजत घातली, दुसरी नेसले आणि शाळेत गेले. सहावी ‘ब’चा गणिताचा पेपर होता, सुपरविजन माझी होती. रडायला वेळच नव्हता मला.”

सिग्नल सुटला. मागची माणसं हॉर्न वाजवायला लागली.

आता मी तसंच सांगतो. ती रडली नाही, तिने साडी भिजत घातली, दुसरी नेसली आणि ती पेपरला गेली. एवढं म्हणतो आणि थांबतो. पुढचा विनोद सुरू करायची घाई करत नाही.